बाणेरच्या सिम रेसिंग सेंटरमधली सहा तासांची रेस: नव्या नियमांसकट घ्यावी का?

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. तीन जणांची टीम जमत असेल, त्यातला एक जण अगदी नवखा असेल आणि शनिवार दुपारपासून रात्रीपर्यंत मोकळा ठेवता येत असेल, तर बाणेरच्या या सिम रेसिंग सेंटरमधली, म्हणजे खऱ्यासारख्या स्टीअरिंग-पेडलवर कॉम्प्युटरमधली गाडी चालवायच्या जागेतली, सहा तासांची एंड्युरन्स (लांब पल्ल्याची) रेस जरूर करा. टीममागे ९,००० रुपये, म्हणजे माणशी ३,०००. तासाच्या भावानं नुसतं खेळायला गेलात तर इथेच एका रिगला (सीट, स्टीअरिंग, पेडल आणि स्क्रीनचा एक संच) तासाला ८०० रुपये पडतात. रेसमध्ये तोच तास १,५००ला पडतो. वरचे ७०० रुपये नियमांचे आणि ते नियम पाळून घेणाऱ्या माणसाचे आहेत. माझ्या मते या ठिकाणी सगळ्यात सत्कारणी लागतात ते तेच.

मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. टीममध्ये मी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा आणि आमच्या असेंब्ली लाइनचे सुपरवायझर, ज्यांना अख्खा शॉप काका म्हणतो. भाच्याचा सिमवर हात बसलेला. मी मधल्यामधली. काकांनी गेमचं स्टीअरिंग आजवर हातात धरलेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण नव्या हंगामाचे नियम अशाच टीमला समोर ठेवून केलेले आहेत.

सेंटरनं या हंगामापासून जुनी नियमावली बाजूला ठेवली आणि वर्ल्ड एंड्युरन्स चॅम्पियनशिपच्या, म्हणजे डब्ल्यूईसीच्या, सध्याच्या नियमांवरून नवी केली. आधी इथे काय चालायचं? सहा तास गाडी पळवायची, वाटेल तेव्हा ड्रायव्हर बदलायचा, जास्त लॅप मारेल तो जिंकला. टीममधला एखादा तरबेज पोरगा साडेचार-पाच तास सीटवर बसायचा आणि बाकीचे दोघं वडापाव खात मागे उभे. पैसे तिघांचे, रेस एकाची. त्यामुळे मी फिरकत नव्हते. नवी नियमावली काउंटरवर चार छापील पानांत मिळते, मराठीत आणि इंग्रजीत, आणि ती वाचूनच मी नाव नोंदवलं.

जागा पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. सहा रिग: चार जीटी३ गाड्यांसाठी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून केलेल्या), दोन हायपरकारसाठी (सगळ्यात वेगवान गट). उरलेलं ग्रिड, म्हणजे सुरुवातीची रांग, संगणकाच्या गाड्यांनी भरतात. सॉफ्टवेअर ले माँ अल्टिमेट, म्हणजे डब्ल्यूईसीचा अधिकृत गेम. ट्रॅक बेल्जियमचा स्पा-फ्रँकोरशाँ, एक लॅप ७.००४ किलोमीटरचा, खऱ्या चॅम्पियनशिपमध्येही तिथली रेस सहा तासांचीच असते. स्टीअरिंग डायरेक्ट ड्राइव्ह, मोटर थेट शाफ्टला जोडलेली. ब्रेकला लोड सेल आहे: पेडल किती खाली गेलं याला काही अर्थ नाही, पायानं किती जोर दिला ते मोजलं जातं. दहा मिनिटांत पोटरी भरून येते. बूट बाहेर काढून मोज्यांवर चालवायचं. मोजे विसरलात तर काउंटरवर ६० रुपयांत मिळतात.

सीट रेलवर पुढेमागे सरकते. भाचा सहा फुटी आणि मी पाच फूट दोन, त्यामुळे ड्रायव्हर बदलताना खाच शोधण्यातच वेळ जातो. भाच्यानं आल्या आल्या रेलवर तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या. ‘मावशी, तुझी लाल. काका, तुमची पिवळी. बघत बसायचं नाही, पट्टीवर आणून सोडायचं.’ तुम्ही जाणार असाल तर चिकटपट्टी घरून न्या, तिथे मिळत नाही.

आता नियम. पहिला दणका थंड टायरचा. डब्ल्यूईसीनं २०२३च्या हंगामापासून टायर गरम करायच्या भट्ट्या बंद केल्या. त्यासाठी लागणारी वीज आणि इंधन वाचावं हा हेतू. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्पाला हवा गार आणि ट्रॅक ओलसर होता. ब्रेंडन हार्टलीची टोयोटा राडियोंच्या चढावर आदळली आणि अँटोनियो फुओकोची फेरारी पिटमधून (टायर-इंधन घ्यायच्या थांब्यातून) निघाल्या निघाल्या हातातून गेली, दोघांचेही टायर थंड. मग जूनमधल्या ले माँच्या २४ तासांच्या रेसपुरती भट्ट्यांना परवानगी मिळाली आणि त्यानंतर बंदी परत लागू झाली. तेव्हा हे पाहताना मला वाटलं होतं की जगातले सर्वोत्तम ड्रायव्हर टायर थंड असल्याची एवढी ओरड का करतात. इथे चालवल्यावर कळतं.

पिटमधून बाहेर पडता तेव्हा उतार असतो, आणि समोर लगेच ओ रूजचा खोलगट भाग आणि राडियोंचा चढ. डॅशवर चारही टायर निळे. स्टीअरिंग हाताला हलकं लागतं, वळवलं तरी गाडीचं नाक सरळच निघतं, आणि अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की मागची बाजू पुढे यायला बघते. टायर हिरव्या रंगावर यायला आम्हाला दोन लॅप लागत होते. पहिल्या लॅपचे आठ-दहा सेकंद सरळ सोडून द्यायचे आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी घसरू न देणारी यंत्रणा) दोन पायऱ्या वर ठेवून निघायचं, हे सेंटरच्या रेस कंट्रोलवाल्या ताईंनी ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं. भाच्यानं ऐकलं नाही आणि त्याची गाडी केमेल स्ट्रेटच्या कठड्याला लागली. काकांनी अक्षरशः ऐकलं आणि सहा तासांत त्यांचा एकही आउट लॅप, म्हणजे पिटमधून निघाल्यावरचा पहिला लॅप, वाया गेला नाही. हायपरकारसाठी मिशेलिननं २०२६च्या हंगामाला नवे टायर आणलेत, त्यात निम्मं साहित्य नूतनीकरणक्षम किंवा पुनर्वापरातलं आहे. जीटी३वाल्यांना मात्र गुडइयर. भट्टी दोघांनाही नाही.

दुसरा नियम माझ्या जिव्हाळ्याचा, कारण तो माझ्या कामाच्या जवळचा आहे. गाडी किती पेट्रोल पिते यावर आता स्टिंट, म्हणजे दोन पिट स्टॉपांमधला टप्पा, ठरत नाही. गाडी चाकांपर्यंत किती ऊर्जा पोहोचवते यावर ठरतो. त्यासाठी ड्राइव्हशाफ्टवर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मोजणारे सेन्सर बसवलेले असतात. टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे पॉवर, आणि पॉवरची वेळेनुसार बेरीज म्हणजे ऊर्जा. एका स्टिंटला मेगाज्यूलमध्ये ठरलेला कोटा मिळतो. टाकीत पेट्रोल शिल्लक असलं तरी कोटा शून्यावर आला की पिटमध्ये यायचंच, नाही तर दंड. यामागचं गणित सरळ आहे. कॉर्व्हेटमध्ये टर्बो नसलेलं ५.५ लिटरचं व्ही८ इंजिन, पोर्शेमध्ये ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं, फेरारी २९६मध्ये ३ लिटरचं ट्विन टर्बो व्ही६. तिघांची भूक वेगळी. पेट्रोलच्या लिटरवर स्पर्धा लावली तर टाकीच्या मापावरून आणि एअर रिस्ट्रिक्टरवरून (इंजिनात जाणारी हवा मर्यादेत ठेवणारा भाग) वर्षभर भांडणं. शाफ्टवर मोजलं की इंजिनाच्या आत काय चाललंय याच्याशी कोणाला देणंघेणं उरत नाही. दिवसभर टॉर्क रेंचची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं तपासणाऱ्या बाईला हा नियम पटणारच. जे मोजायचं आहे ते जिथे तयार होतं तिथे मोजा, हेच आम्ही नव्या पोरांना शिकवतो.

सिमवर हा कोटा टक्क्यांत दिसतो आणि चालवणाऱ्याच्या डोक्यात घर करून बसतो. भाचा एका लॅपला ४.१ टक्के खर्च करत होता, लॅप दोन मिनिटं अठरा सेकंदांचा. काका ३.६ टक्के, लॅप दोन सव्वीसचा. मी मध्ये. तिसऱ्या तासाला आम्ही कागदावर हिशेब मांडला: भाच्याच्या दरानं सगळे चाललो तर सहा पिट स्टॉप, पण सरासरी ३.९वर आणली तर पाचांत भागतं. एक स्टॉप म्हणजे पिट लेनमधल्या ताशी ६० किलोमीटरच्या मर्यादेसकट मिनिटभराहून जास्त. मग भाच्याला लेकोंबच्या वळणाआधी ब्रेकच्या खुणेपाशी पोचायच्या आत अॅक्सिलरेटर सोडायला लावलं. आधी कुरकुर केली, नंतर त्याला त्यातली गंमत कळली: पाय लवकर उचलला तरी वळणाला वेग तोच राहतो आणि लॅपला जेमतेम तीन-चार दशांश सेकंद जातात. शेवटी पाच स्टॉपांतच रेस संपली. या एका हिशेबासाठीसुद्धा मी परत जाईन.

तिसरा नियम ब्राँझ ड्रायव्हरचा, आणि माझ्या लेखी नव्या हंगामातला सगळ्यात चांगला. एफआयए, म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, ड्रायव्हरांची चार प्रतींत, म्हणजे दर्जांत, वर्गवारी करते: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. ब्राँझ म्हणजे ढोबळमानानं हौशी. २०२४ला डब्ल्यूईसीतून जीटीई हा जुना गट गेला आणि त्याच्या जागी एलएमजीटी३ या नावानं जीटी३ गाड्या आल्या, तेव्हापासून प्रत्येक जीटी३ गाडीत एक ब्राँझ असायलाच हवा. जीटीईला एबीएस नव्हतं, जीटी३ला आहे. हौशी माणसाला जोरात ब्रेक मारताना त्याचा मोठा आधार असतो. सेंटरनं त्यावरून आपला नियम केलाय: ब्राँझनं किमान दोन तास गाडी चालवायची आणि क्वालिफायिंगही (सुरुवातीचा क्रम ठरवणारी फेरी) त्यानंच करायचं. टाळाटाळ केली तर जितकी मिनिटं कमी पडली तितके लॅप वजा.

याचा परिणाम पाहायचा असेल तर क्वालिफायिंगच्या वेळी जा. सहाच्या सहा टीममधले तरबेज लोक मागे उभे राहून आपापल्या नवख्या माणसाला शिकवत होते. आमच्या शेजारच्या रिगवर एक मुलगा आपल्या वडिलांच्या कानाशी वाकून ‘बाबा, आता ब्रेक, आता सोडा’ असं लॅपभर बोलत होता. जुन्या नियमांत त्या वडिलांना सीट मिळालीच नसती.

मला इथे आयर्न डेम्सची आठवण झाली. नोव्हेंबर २०२३, बहारीन, आठ तासांची रेस, जीटीई गाड्यांची डब्ल्यूईसीतली शेवटची. सारा बोव्ही, मिशेल गॅटिंग आणि राहेल फ्रे या तिघींनी गुलाबी पोर्शेतून जीटीई-एएम गट जिंकला. डब्ल्यूईसीत फक्त स्त्रियांच्या टीमनं मिळवलेला तो पहिला विजय. बोव्ही तेव्हा ब्राँझ प्रतीची होती. म्हणजे ज्या जागेला लोक ‘लिंबूटिंबूची सीट’ समजतात, त्या जागेवर बसून रेस जिंकता येते. काकांना मी ब्रीफिंगआधी हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त दोन तासांऐवजी सव्वादोन तास मागून घेतले.

काकांचं चालवणं मला फार आवडलं, म्हणून जरा लांबण लावते. हायपरकार स्पाला जीटी३पेक्षा लॅपला पंधराएक सेकंदांनी वेगवान जाते, म्हणजे तासाभरात ती तुम्हाला दोन-तीनदा ओलांडते. नवखा माणूस आरशात दिवे पाहून घाबरतो आणि वाट द्यायला म्हणून वळणातच बाजूला होतो. अपघात तिथेच होतात. ताईंनी काकांना बजावलं होतं, ‘काका, तुम्ही तुमची लाइन सोडू नका. मागचा हुशार आहे, तो त्याची वाट काढेल.’ काकांनी पूऑनच्या लांबलचक डाव्या वळणात मागे हायपरकार लागलेली असताना स्टीअरिंग केसभर हलवलं नाही. ती बाहेरून गेली. रेस संपल्यावर त्या हायपरकारचा पोरगा येऊन काकांच्या पाया पडला आणि म्हणाला, ‘तुमच्या मागे आलो की मला टेन्शनच नसायचं.’

जिथे सेंटरचं गाडं अडतं तो चौथा नियम: यशाचं ओझं. डब्ल्यूईसीत जीटी३ गाडी जिंकली की पुढच्या रेसला तिच्यात जादा वजन घालतात, म्हणजे एकच टीम वर्षभर पळत सुटत नाही. सेंटरनं वजनाऐवजी पिट स्टॉपला जादा सेकंद लावलेत: मागच्या फेरीच्या विजेत्याला प्रत्येक स्टॉपला पाच, दुसऱ्याला तीन. हे मला मुळीच मान्य नाही. वजन म्हणजे गाडीला प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला, प्रत्येक चढाला भोगावी लागणारी गोष्ट. त्यानं टायर लवकर झिजतात, ब्रेक तापतात, ऊर्जा जास्त जाते आणि ड्रायव्हरला चालवायची पद्धत बदलावी लागते. पिटमध्ये पाच सेकंद थांबणं म्हणजे दंड भरून मोकळं होणं. शिवाय स्टॉप कमी करणाऱ्याला ओझंही कमी, म्हणजे ऊर्जेच्या नियमात हुशार असलेली विजेती टीम इथे दुहेरी फायदा घेते. त्या दिवशी नेमकं तेच झालं: मागच्या फेरीचे विजेते चार स्टॉपांत निभावून पुन्हा पहिले आले.

हायपरकारला २०२५पासून प्रत्येक कंपनीनं किमान दोन गाड्या उतरवायच्या असा डब्ल्यूईसीचा नियम आहे. तो सेंटरनं घेतला नाही, बरं केलं. मला तो खऱ्या चॅम्पियनशिपमध्येही आवडत नाही. २०२४ला लॅम्बोर्गिनीची आणि इसोटा फ्रास्किनीची हायपरकार एकेकच होती, २०२५च्या ग्रिडवर दोन्ही नाहीत. एकच गाडी घेऊन येणाऱ्याला दार बंद नसावं.

आता त्या वरच्या ७०० रुपयांबद्दल. रेस कंट्रोलच्या टेबलावर ताई सहाही तास बसून होत्या, समोर दोन स्क्रीन, हातात वॉकीटॉकी. कोणी ट्रॅकची हद्द ओलांडली, कोणी कोणाला धडक दिली, याची नोंद वेळेसकट वहीत. आम्हाला एकदा ड्राइव्ह-थ्रू दंड (न थांबता पिट लेनमधून जाऊन यायचं) झाला. भाच्याचं म्हणणं होतं की चूक समोरच्याची. ताईंनी पुढच्या ड्रायव्हर बदलाच्या वेळी त्याला बोलावून रीप्ले तीन बाजूंनी दाखवला आणि दंड कायम ठेवला. आवाज चढला नाही, टोमणा नाही. दुसऱ्या एका ठिकाणी अशा वेळी ‘जाऊ दे रे, गेमच आहे’ असं उत्तर मिळालेलं मी ऐकलंय. गेम आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तरी सहा तास जीव लावलेल्या माणसाला त्या उत्तरानं फार लागतं.

साडेपाचच्या सुमारास वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहिले, पण खोलीत मिट्ट काळोख, एसी बंद. दोन-तीन सेकंदांत वॉकीटॉकीवर आवाज आला, ‘फुल कोर्स यलो, सगळे ८०वर.’ खऱ्या रेसमध्येही फुल कोर्स यलोला ताशी ८० किलोमीटरचीच मर्यादा असते. सहाही गाड्या अंतर राखून ८०वर चालत राहिल्या आणि जनरेटर लागून दिवे आल्यावर उलटी गिनती करून रेस पुन्हा सुरू केली. कोणाचं एका सेकंदाचंही नुकसान झालं नाही.

उणिवा. थांबणाऱ्यांसाठी सहा टीमना मिळून सात प्लॅस्टिकच्या खुर्च्या. चार तास उभं राहून काकांचे गुडघे दुखायला लागले. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. रिग तीन आणि चारकडे एसीची हवा पोहोचत नाही, तिथे चालवणाऱ्याचा शर्ट पिळून काढावा लागतो. बुकिंग करताना एक किंवा सहा मागा. खायला चिप्स आणि कोल्ड्रिंक एवढंच, पण खाली उतरलं की चहा आणि गरम वडापाव मिळतो, आणि ड्रायव्हर बदलायच्या वेळा छापील असल्यामुळे निवांत खाऊन येता येतं. दुचाकी इमारतीत लागते, चारचाकीचं तुमचं तुम्ही बघा.

आम्ही जीटी३त तिसरे आलो. ओझ्याच्या नियमाबद्दल मी मालकांना लेखी कळवलं आहे, आणि पुढच्या फेरीआधी सेकंदांऐवजी वजन घालता येतंय का ते एका रिगवर करून बघतो असं त्यांनी सांगितलंय. नाव नोंदवायचं असेल तर निम्मी रक्कम आगाऊ घेतात आणि ब्राँझ ड्रायव्हरला बरोबर न्यावं लागतं, कारण काउंटरवर नुसतं सांगून ब्राँझचा दर्जा मिळत नाही. दहा लॅप चालवायला लावतात आणि त्यावरून ताई ठरवतात. आठवड्यातल्या दिवशी सकाळी गेलात तर रांग नसते.